भिंतीतला दगड

शास्त्रपाठ : हबक्कूक २:९-१२, यहोशवा ४:१-७



हबक्कूक संदेष्ट्याने एके ठिकाणी अन्यायाने घर बांधणाऱ्या मनुष्याला इशारा दिला आहे. त्याचा आशय असा की, तुझ्याविरुद्ध साक्ष द्यावयास बाहेरचा कोणी यावयास नको. तुझ्याच भिंतीतला दगड ओरडेल आणि वरची तुळई त्याला उत्तर देईल. हा शास्त्रभाग आम्ही अनेकदा वाचला आहे, दोन-तीन वेळा त्यावर उपदेशही केला आहे. गोरगरिबांना नाडून माड्या उठवणाऱ्या सावकारांना आम्ही तो लावीत असू. देवाच्या मंदिराच्या भिंतीलाही तो लागू पडेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते. गेल्या वर्षी जर्मनीतील विटेनबर्ग नगरात आम्ही एक दिवस घालवला. त्या एका दिवसाने हा शास्त्रभाग आम्हाला पुन्हा वाचावयास लावला. त्या दिवसाची हकीगत आणि त्यानंतर आमच्या आदिलाबादकडच्या मंडळीत जे घडले ते, दोन्ही येथे सांगावयाचे आहे.

आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बर्लिन येथे असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही पंधरा दिवस त्याच्याकडे राहिलो. आम्ही पैनगंगेच्या अलीकडचे, कापसाच्या मुलखात वाढलेले. दुकानाची पाटी तेलुगूत, शेजाऱ्याची बोली गोंडी आणि मंदिरातली गीते मराठी, अशा गावचे. बर्लिनच्या गर्दीत आमचा जीव रमेना. एका शुक्रवारी रात्री भाऊ म्हणाला, "दादा, डिप्लोम्याच्या परीक्षेत ज्या गावावर तुम्ही पानेच्या पाने लिहिली ते गाव इथून आगगाडीने तासाभराच्या आत आहे. उद्या सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ."

विटेनबर्ग हे एल्बे नदीकाठचे शहर. वस्ती पन्नास हजारांच्या आतली, म्हणजे आमच्या आदिलाबादहून लहान. जुने गाव तर इतके आटोपशीर की, एका टोकाला ल्यूथर राहत असे तो मठ आणि दुसऱ्या टोकाला राजवाड्याचे मंदिर; मधल्या रस्त्याने रमतगमत चालले तरी अर्ध्या तासात गाव संपते. येथे १५०२ साली फ्रेडरिक राजाने विद्यापीठ स्थापिले. त्यात मार्टिन ल्यूथर शास्त्र शिकवी, फिलिप मेलांक्थन ग्रीक शिकवी आणि लूकास क्रानाख नावाचा चित्रकार त्याच रस्त्यावर चित्रे काढी. ही सारी माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती. १९९६ पासून येथील ल्यूथर-मेलांक्थनशी निगडित वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

स्टेशनाकडून गावात शिरताना प्रथम एक ओकवृक्ष लागतो. १० डिसेंबर १५२० रोजी पोपचे धमकीपत्र ल्यूथरने येथे जाळले. आजचे झाड मात्र १८३० साली लावलेले आहे. पुढे मठाचे आवार. ल्यूथरने १५२५ साली काथरीना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. पुढे याच मठाचे त्यांचे घर झाले. तिने पतीसाठी १५४० साली बसविलेली कोरीव दगडी चौकट अजून जागेवर आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बसावयास दगडी आसने आहेत. ती पाहून आम्हाला आपल्याकडच्या वाड्यांच्या देवड्या आठवल्या.

तेथून सरळ राजवाड्याच्या मंदिराशी गेलो. ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख आपल्याकडे शब्बाथशाळेतील मुलांनाही पाठ असते. ज्या दाराशी त्या पंच्याण्णव कलमांचे नाव जोडले गेले ते लाकडी दार १७६० सालच्या लढाईतील आगीत जळाले. १८५८ साली तेथे काशाची दारे बसवली आणि त्यांवर सगळी कलमे लॅटिनमध्ये ओतून घेतली. आम्हाला लॅटिन येत नाही. पण पहिल्या कलमाचा आशय ठाऊक होता. प्रभु येशूने पश्चात्तापाची हाक दिली ती एका दिवसापुरती किंवा एका विधीपुरती नव्हे. विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असा तो आशय आहे. आत ल्यूथर आणि मेलांक्थन यांच्या कबरी आहेत. अगदी साध्या. तेथे आम्ही उपकारस्तुतीची प्रार्थना केली. आपल्या हाती आपल्या भाषेतले शास्त्र आहे, त्यामागे या मनुष्याचेही श्रम आहेत, हे कसे विसरावे?

परत फिरून बाजारचौकात आलो. चौकात ल्यूथर आणि मेलांक्थन यांचे पुतळे आहेत आणि जवळच दोन मनोऱ्यांचे नगरमंदिर आहे. ल्यूथरचे नित्याचे उपदेश येथे होत. वेदीवर क्रानाख घराण्याने रंगवलेले, १५४७ साली बसवलेले मोठे चित्र आहे. मध्ये प्रभुभोजन आहे, एका बाजूला पाळक पापांगीकार ऐकत आहेत, आणि दुसऱ्या बाजूला मेलांक्थन एका बालकाचा बाप्तिस्मा करीत आहे. हा मेलांक्थन दीक्षित पाळक नव्हता. आमच्यासारख्या साध्या उपदेशकाला ते पाहून किती धीर आला, ते काय सांगावे! सर्वांच्या खाली एक लांबट चित्र आहे. उजवीकडे व्यासपीठावर ल्यूथर, डावीकडे मंडळी, आणि मध्ये वधस्तंभावरचा प्रभु. ल्यूथरचा एक हात शास्त्रावर आहे आणि दुसरा प्रभूकडे दाखवीत आहे. उपदेशकाचे काम एवढेच, असे मनात म्हणत आम्ही भरल्या अंतःकरणाने बाहेर आलो.

भाऊ मंदिराला वळसा घालून पुढे गेला होता. आग्नेय कोपऱ्याशी तो वर पाहत उभा होता. आम्हाला पाहून म्हणाला, "दादा, हे काय आहे?"

वर भिंतीत एक कोरीव दगड बसविलेला आहे. तो ल्यूथरच्याही आधीचा, सुमारे सातशे वर्षांचा जुना. त्यावर एक डुकरीण आहे. ज्यू लोकांना डुक्कर किती अशुद्ध, हे लेवीयाचे पुस्तक वाचणाऱ्यास सांगावयास नको. त्या डुकरिणीच्या आचळांना ज्यू लोक लागलेले कोरले आहेत, आणि त्यांचा एक गुरू तिचे शेपूट उचलून खाली पाहत आहे. वर अक्षरे कोरली आहेत. ज्यू लोक ज्याचा उच्चारही करीत नाहीत त्या देवाच्या परमपवित्र नावाची ती थट्टा आहे. ही अक्षरे ल्यूथरच्या मृत्यूनंतर, १५७० साली कोरली. पण ती ज्यावरून घेतली तो ग्रंथ ल्यूथरचाच. १५४३ साली लिहिलेल्या त्या ग्रंथात त्याने या दगडाचे मिटक्या मारीत वर्णन केले आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका ग्रंथात तर ज्यूंची सभास्थाने जाळावी, घरे मोडावी, असा सल्ला त्याने राज्यकर्त्यांना दिला. १५२३ साली याच मनुष्याने, येशू जन्माने ज्यू होता, त्याच्या भाऊबंदांशी सौजन्याने वागा, असे लिहिले होते. वीस वर्षांत हे अंतःकरण इतके कठीण झाले! हा धडा म्हातारपणाकडे झुकणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने मनाशी धरावा.

आत प्रभूकडे बोट दाखविणारा हात, आणि बाहेर त्याच भिंतीवर प्रभूच्या भाऊबंदांचा हा अपमान. मध्ये फक्त एका भिंतीची जाडी.

भाऊ म्हणाला, "मग हे काढून का टाकत नाहीत?"

प्रश्न साधा आहे, पण त्या मंडळीला तो फार वर्षे छळतो आहे. आम्ही खाली पाहिले. दगडाच्या बरोबर खाली, जमिनीत, १९८८ साली त्या मंडळीने काशाचे एक स्मारक बसविले आहे. चार जड झाकणे काहीतरी दाबून धरीत आहेत आणि फटींतून ते वर उसळते आहे, असा त्याचा घाट आहे. त्या फटींचाच क्रूस होतो. भोवतीच्या लेखात साठ लाख ज्यूंचा मृत्यू आणि क्रूसाचे चिन्ह ही दोन्ही शेजारी शेजारी आली आहेत. म्हणजे मंडळीने दोष हिटलरवर ढकलून हात धुतले नाहीत. जवळच एक गंधसरू लावला आहे. आमच्या शास्त्रातील लबानोनचा गंधसरू तो हाच.

पुढे एका ज्यू गृहस्थाने हा दगड काढावा म्हणून दावा लावला. १४ जून २०२२ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो फेटाळला. खाली स्मारक आणि माहितीचा फलक लावून मंडळीने अपमानाच्या खुणेचे इशाऱ्याच्या खुणेत रूपांतर केले आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याच वर्षी जाणत्या लोकांच्या एका समितीने, दगड भिंतीवरून उतरवून जवळच ठेवावा, असा सल्ला दिला. मंडळीच्या पंचांनी तो जागेवरच ठेवण्याचे ठरवले. कोणाचे बरोबर? आम्ही परके; एका दिवसाच्या पाहुण्याने निकाल देऊ नये. पण एक गोष्ट मनाला टोचली. अपमान ज्याचा झाला तो म्हणतो, काढा. ज्यांच्या वाडवडिलांनी केला ते म्हणतात, आम्हाला आठवण राहावी म्हणून ठेवतो. पश्चात्ताप करणाऱ्याने आपल्या पश्चात्तापाची रीत आपणच ठरवावी काय?

एवढ्यात भावाने फोन काढला आणि विचारले, "फोटो घेऊ का?" आम्ही नको म्हणालो. तो चकित झाला. खरे कारण त्याला परतीच्या गाडीत सांगितले. तेच आता तुम्हांस सांगतो.

आमच्या मंडळीला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी मंडळीचा इतिहास लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. जुन्या ठराववह्या चाळताना सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचे एक पान लागले. आमचे वाडवडील गावकुसाबाहेरच्या वस्तीतून प्रभूकडे आले. निजामी अमदानीत त्यांनी काय सोसले ते आम्ही दरवर्षी वर्धापनदिनी सांगतो. त्यांच्यामागून, आमच्याही पलीकडच्या मानल्या जाणाऱ्या वस्तीतून, एक कुटुंब प्रभूकडे आले. भर पावसाळ्यात त्यांचे लेकरू वारले. त्यांनी मंडळीच्या दफनभूमीत जागा मागितली. पंचांनी ठराव केला : जागा अपुरी असल्याने सदर कुटुंबाने नाल्यापलीकडे सोय पाहावी.

बंधुजनहो, त्या दिवसानंतर सत्तर वर्षे आम्ही त्याच जागेत आमची माणसे पुरत आलो आहोत. अजून जागा शिल्लक आहे.

ते पान आम्ही इतिहासात घेतले नव्हते. कागदाची बचत, वाचकांचा कंटाळा, अशी कारणे मनाला सांगितली होती. ठरावाखाली सेक्रेटरी म्हणून सही आहे ती आमच्या आजोबांची. त्यांच्या मांडीवर बसून आम्ही पहिले गीत शिकलो. विटेनबर्गच्या त्या कोपऱ्यावर मान वर करून परक्यांच्या पापाचा फोटो घेणे सोपे होते. आपला दगड तर आम्ही वहीत मिटून कपाटात ठेवला होता.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणतात. पुढे मुले विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना देवाचे उपकार सांगा, असे त्यांना सांगितले आहे. असे धोंडे आपल्याला आवडतात. शताब्दीचा कोनशिला-समारंभ आपण बँड लावून करतो. दुसऱ्या प्रकारचा दगड आमच्या जिल्ह्यात इंद्रवेल्लीला आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी सभेला जमलेल्या गोंड बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. तेथे स्तंभ उभा आहे. सोसणाऱ्यांनी आपले दुःख विसरू नये म्हणून उभारलेला हा दगड. त्यापुढेही आपण मान लववतो. तिसऱ्या प्रकारचा दगड मात्र विरळा : आम्ही दुसऱ्याला काय केले, हे आमच्या मुलांना सांगणारा. सोसलेले सांगताना आपला आवाज चढतो, केलेले सांगताना घसा का बसतो?

ल्यूथरच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्यांनाही हे सोपे गेले नाही. जागतिक ल्यूथरन संघाने १९८४ साली, म्हणजे साडेचारशे वर्षांच्या सुमारास, बुडापेस्टच्या महासभेत ल्यूथरची ज्यूंविरुद्धची वचने उघडपणे झिडकारली. जर्मनीच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या महासभेने २०१५ साली तसेच केले. तेवढ्याने ल्यूथर लहान झाला नाही. त्याचे शास्त्राचे भाषांतर, त्याचा कृपेचा उपदेश आपण टाकून दिला नाही. आजोबांनी शिकविलेले गीतही आम्ही टाकणार नाही. पण उपकार मोठे म्हणून अपराध झाकावा, हे शास्त्र शिकवीत नाही. दाविदाची स्तोत्रे ज्या ग्रंथात आहेत त्याच ग्रंथात उरीयाचा खूनही लिहिलेला आहे. पवित्र शास्त्राने आपल्या राजाचे ते पान फाडले नाही.

आमच्या देशातही मंदिरात जातीच्या जागा होत्या. दक्षिणेतील जुन्या मंडळ्यांत निराळे बसणे, निराळे पेले असत. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद चालणार नाही असे पत्रक काढले, तेव्हा कित्येकांनी मंडळीच सोडली. जात सोडली नाही. ही गोष्ट आम्ही डिप्लोम्याच्या वर्गात मार्कांसाठी पाठ केली होती.

गावी परतल्यावर ते पान मंडळीपुढे वाचावे असे ठरवले. मग तो ज्यू गृहस्थ आठवला. प्रथम आम्ही नाल्यापलीकडच्या त्या घरी गेलो. वारलेल्या लेकराच्या भावाची मुलगी तेथे राहते. अंगणवाडीत काम करते. मुले तिला बाई म्हणतात, आम्हीही बाईच म्हणतो. आम्ही वही पुढे ठेवली. तिने ठराव दोनदा वाचला. मग म्हणाली, "भाऊ, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच आता कळलं का?"

आम्हाला उत्तर देता येईना. वाचावे की नाही, असे विचारले. ती म्हणाली, "वाचा. पण 'एक कुटुंब' असं म्हणू नका. त्या लेकराला नाव होतं. ते घेऊन वाचा. अन् गावातच वाचा, मासिकात नाव नको."

तिच्या शब्दाप्रमाणे ते नाव येथे दिलेले नाही.

पंचांच्या सभेत विषय काढला तेव्हा मोठी खळबळ झाली. आमचे मामा मंडळीतील वडील पंच. ते म्हणाले, "झाकलेलं ते झाकलेलं बरं. खपली कशाला काढता? ते लोकही आता विसरले." आम्ही बाईचे पहिले वाक्य त्यांना सांगितले. मामा गप्प झाले, पण संमती दिली नाही. शेवटी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची आठवण दिली. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपुढे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास जावे, ही प्रभूची आज्ञा आहे. ते म्हणाले, "शताब्दीचे अर्पण वेदीवर ठेवायचे आहे ना?"

प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही ते पान वाचले. लेकराचे नाव घेतले. खाली सही कोणाची, तेही वाचले. बाई मागच्या बाकावर बसली होती. ती रडली नाही, की तिने मान हलवली नाही. मामा उठून बाहेर गेले. उपासना संपल्यावर पाहतो तो, ते दफनभूमीच्या कुंपणाशी उभे होते. आमच्याशी ते बोलले नाहीत. अजूनही नीट बोलत नाहीत. ते पान स्मरणिकेत जसेच्या तसे छापावयाचे ठरले आहे. नावाच्या जागी काय लिहावे, ते बाईला विचारूनच लिहू. नाल्यापलीकडची ती जागा आता शेतात गेली आहे. बाई म्हणते, बांधावरचा बाभळीचा बुंधा आठवतो, तेवढीच खूण. दफनभूमीत त्या लेकराच्या नावाचा दगड बसवावा की नाल्यापलीकडे, हे तिच्या घरचे लोक ठरवतील. आम्ही थांबलो आहोत.

वाचकहो, ही हकीगत आमची थोरवी सांगण्यासाठी लिहिली नाही. सत्तर वर्षांनी एक पान वाचणे ही थोरवी नव्हे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले होते. आम्ही तर अजून मुद्दलही दिलेले नाही. लिहिण्याचे कारण इतकेच की, आमच्याच मंडळीत असे पान असेल आणि तुमच्या मंडळीत नसेल, असे आम्हाला वाटत नाही. कोठे बाकांची रांग असेल, कोठे मोडलेला विवाह, कोठे पंच निवडताना वर्षानुवर्षे वगळलेले एक आडनाव. तुमच्या मंडळीतल्या कोण्या बाईला ते सगळे ठाऊक असेल. तिला कोणी विचारलेले नसेल.

पंच, सेक्रेटरी आणि उपदेशक बंधूंना आमची विनंती आहे. यंदाच्या धर्मसुधारणा दिनी ३१ ऑक्टोबरची गोष्ट मुलांना अवश्य सांगा. ल्यूथरचे धैर्य सांगा, कृपेची शिकवण सांगा. पण त्याआधी एका संध्याकाळी दिवा घेऊन मंदिराच्या कपाटापाशी बसा आणि आपल्या ठराववह्या वाचा. वाचून झाल्यावर ठरावात ज्यांचा निकाल लागला त्यांच्या दाराशी जा. तेथे काय बोलावे, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्हालाही बोलता आले नव्हते.

भिंतीतल्या दगडाचा आवाज दुसऱ्या कोणी ऐकण्याआधी आपण ऐकावा, एवढी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.